हिमनदीचा दिवस

माझ्या दवाखान्यात पूर्वी ज्येष्ठ मंडळी विचारीत, "डॉक्टर, चारधाम झेपेल का?" अलीकडे त्या प्रश्नाला नवे नाव जोडले गेले आहे. मुले-नातवंडे परदेशी स्थायिक झाल्यामुळे आता "अलास्काची क्रूझ झेपेल का?" असेही विचारले जाते. मी वजन, रक्तदाब, साखर, हृदयाचे जुने कागद असे सर्व पाहतो आणि यथामति उत्तर देतो. मात्र हा प्रश्न नेहमी रुग्णापुरताच असतो. रुग्णाला अहोरात्र सांभाळणारी व्यक्ती शेजारच्या खुर्चीत पिशवी सावरून बसलेली असते. तिला हे झेपेल का, असे विचारणारे मला फार थोडे भेटले आहेत.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात आमच्या घरातलाच असा प्रवास घडला. माझी थोरली बहीण, आमची अक्का, बहात्तर वर्षांची. दाजी एकोणऐंशी वर्षांचे. दाजींनी सातारा जिल्ह्यातल्या शाळांतून तीस वर्षांहून अधिक काळ भूगोल शिकवला. हिमनदी, हिमोढ, इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची दरी, लोंबती दरी हे सारे त्यांनी फळ्यावर खडूने किती वेळा काढले असेल याची गणती नाही. प्रत्यक्षात मात्र हिमनदी कधी पाहिली नव्हती. गेली नऊ वर्षे त्यांना पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा, आजार आहे. आवाज क्षीण झाला आहे, अक्षर मुंगीएवढे झाले आहे, चालताना पाय मधेच जमिनीला चिकटल्यासारखे होतात. बुद्धी मात्र लख्ख आहे. सिएटलला असलेली माझी भाची, म्हणजे त्यांची मुलगी, म्हणाली, "बाबांना एकदा हिमनदी दाखवायची." सिएटलहून निघून सात रात्रींनी तिथेच परतणारे जहाज तिने ठरवले. सोबत मी आणि माझी पत्नी.

तयारीविषयी थोडे सांगतो, कारण त्याबद्दल मला पुष्कळ जण विचारतात. मुंबई ते सिएटल हा प्रवास एक मुक्काम धरून वीस तासांच्या वर जातो. विमानतळावर चाकाच्या खुर्चीची नोंद तिकिटाबरोबरच करावी. सर्व औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत ठेवावीत. सामानाची मोठी बॅग चुकून दुसऱ्या गावी गेली तर कपडे विकत मिळतात, नेमकी गोळी मिळेलच असे नाही. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच टाकू नये, ते गोठले तर निकामी होते. औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र जवळ असावे, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडे कोणाला कळत नाहीत. विमा घेताना पूर्वीपासूनचे आजार लेखी कळवावेत. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात. पण त्यांचे बिल जहाजाच्या तिकिटात धरलेले नसते आणि ते अमेरिकी दराचे असते. जहाज परतताना सायंकाळी काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराला लागते, म्हणून त्या देशाचा व्हिसाही आधीच पाहावा लागतो. आम्ही सिएटलला आठवडाभर आधी पोहोचलो. तो आठवडा झोपेचे वेळापत्रक जुळवण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला, असे माझे मत आहे.

दाजींच्या गोळीचे मात्र स्वतंत्र शास्त्र होते. लेव्होडोपा हे औषध घड्याळाशी बांधलेले असते. दर चार तासांची गोळी अर्धा तास उशिरा झाली तरी शरीर लाकडासारखे ताठ होते. विमानात आम्ही घड्याळ पाहिलेच नाही, दोन गोळ्यांमधले अंतर तेवढे पाहिले. अलास्काचे घड्याळ सिएटलच्या एक तास मागे असते; तिथे अर्ध्या-अर्ध्या तासाने वेळ सरकवली. गोळी आणि प्रथिनयुक्त आहार एकत्र झाला तर औषध नीट लागू पडत नाही, म्हणून न्याहारीच्या अर्धा तास आधी गोळी. जहाजावरच्या त्या अवाढव्य भोजनगृहात अंडी, चीज, दही यांचे डोंगर मांडलेले असताना हा नियम पाळणे सोपे नव्हते. बद्धकोष्ठता हा या आजाराचा दुसरा जाच. त्यावर मात्र जहाजाने आपण होऊन उपाय ठेवला होता. न्याहारीच्या टेबलावर शिजवलेल्या सुक्या आलुबुखारांचे भांडे रोज असे, आणि दाजींच्या वयाचे सगळे गोरे आजोबा त्या भांड्याभोवतीच भेटत.

सिएटलहून उत्तरेकडे जाताना पहिला दिवस उघड्या पॅसिफिकचा होता. व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेने जहाज जाते, तिथे डोलते. पुढे बेटांच्या आडोशाच्या सामुद्रधुन्या लागल्या की पाणी तलावासारखे शांत होते. आम्ही खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधल्या भागातली केबिन मुद्दाम घेतली होती, कारण तिथे डोलणे सर्वांत कमी जाणवते. येथे वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्याकडे चक्कर किंवा मळमळ झाली की घरात सहज सापडणारी प्रोक्लोरपेराझिनची गोळी दिली जाते. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिले जाते. पार्किन्सनच्या रुग्णात या दोन्ही औषधांनी ताठरपणा अचानक वाढतो, ती टाळावीत. प्रवासात लागणाऱ्या मळमळीवरच्या ज्या गोळ्या दुकानात सहज मिळतात, त्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही रुग्णांना त्रास होतो आणि वृद्ध व्यक्ती एकाएकी भ्रमिष्टासारखी बोलू लागते. म्हणून आपापल्या डॉक्टरांकडून चालणाऱ्या औषधाचे नाव निघण्यापूर्वीच कागदावर घ्यावे. आम्ही दाजींच्या न्यूरॉलॉजिस्टकडून ते घेतले होते. प्रत्यक्षात त्यांना काहीच झाले नाही. मीच दुपारभर आडवा होतो आणि अक्काने आणलेली आवळासुपारी चघळत होतो.

पहिले बंदर जुनो. ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. विमानाने किंवा पाण्यानेच पोहोचावे लागते. सकाळी जहाजातून उतरणाऱ्यांची रांग लांबवर गेली होती. आपल्या स्वभावाप्रमाणे भाचीची घाई सुरू झाली. मी म्हटले, "गर्दी ओसरू दे. दाजींची गोळी चढू दे." एका तासाने रांगही संपली आणि दाजींचे शरीरही सैल झाले. जहाजातून धक्क्यावर उतरण्याचा जो उतार असतो, त्यावर पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. दारातून बाहेर पडताना उंबरठ्याशी हटकून थबकणारे दाजी त्या पट्ट्यांवरून एकेक पाऊल टाकीत सरळ चालत गेले. यात चमत्कार काही नाही. समोर आडवी रेघ दिसली की या रुग्णांचे अडलेले पाऊल बरेचदा सुटते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीला रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावून पाहाव्यात.

जुनो शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. बसला चाकाच्या खुर्चीची उचलणी होती, आणि हिमनदीसमोरच्या तलावाकाठचा एक रस्ताही पक्का, सपाट. १९६२ मध्ये तिथले माहितीकेंद्र बांधले तेव्हा बर्फ बराच जवळ होता; आता तो तलावापलीकडे दूर गेला आहे. दाजी वीस मिनिटे पाहत राहिले. अक्काने या वीस मिनिटांत त्यांची टोपी दोनदा सारखी केली, नाक पुसले, पाणी पाजले, बॅगेतली गोळी आहे ना हे चाचपले आणि एकदा हिमनदीकडे पाहिले. मी हे मोजत नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी जे कळले त्यानंतर ते सारे डोळ्यांपुढे आले.

दुसरे बंदर स्कॅगवे. १८९८ च्या सोन्याच्या धामधुमीत उभे राहिलेले हे चिमुकले गाव. तिथून व्हाइट पास घाटात चढणारी अरुंद रुळांची रेल्वे १८९८ ते १९०० या काळात बांधली गेली. रुळांची रुंदी तीन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर अधिक. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढ. ज्यांना चालणे जमत नाही त्यांच्यासाठी बंदरावरच्या सहलींपैकी ही मला सर्वांत चांगली वाटली. जागेवर बसून दऱ्या, धबधबे आणि बोगदे समोरून जातात आणि डब्यात स्वच्छतागृह असते. ज्येष्ठांच्या सहलीत हा शेवटचा मुद्दा दृश्याइतकाच महत्त्वाचा आहे. सोय नसेल या भीतीने कितीतरी वृद्ध सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडतात.

त्या संध्याकाळी अक्का म्हणाली, "डोकं जरा जड आहे रे, उन्हानं असेल." स्कॅगवेत ऊन कसले? मी यंत्र काढून रक्तदाब मोजला. १७८ वर ९६. दहा मिनिटांनी पुन्हा, १७२ वर ९४. छातीत दुखणे, धाप, दिसण्यात-बोलण्यात फरक, हातापायाला मुंग्या, यांतले काही नव्हते. मी तिची औषधांची पिशवी मागितली. दाजींच्या गोळ्यांची पेटी तिने स्वतः भरलेली होती. सात दिवसांचे अठ्ठावीस कप्पे, एकही चूक नाही. तिची स्वतःची औषधे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून कोंबलेली होती. रक्तदाबासाठी तिला एक गोळी आहे आणि तिच्याबरोबर लघवी वाढवणारी दुसरी. घर सोडून बारा दिवस झाले होते. पहिल्या गोळीच्या पाच कमी झाल्या होत्या, दुसरीची पट्टी अखंड होती.

"ही घेतलीच नाहीस?"

"ती घेतली की सकाळभर तीनचारदा जावं लागतं. मी आत गेले आणि तेवढ्यात हे उठून चालायला लागले तर? घरी एकदा पडलेत ना तसे."

"मग साताऱ्यात तरी घेत होतीस का?"

ती गप्प राहिली. "दुसरी विसरते. रात्री तीनदा उठायचं, मग सकाळी काही लक्षात राहात नाही."

माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात हे मी निरनिराळ्या घरांत पाहिले आहे. अर्धांगवायूच्या पतीला उचलता-बसवता स्वतःचा गुडघा दुखावून घेतलेली बाई, आईच्या विस्मृतीच्या आजारात स्वतःची साखर तीनशेवर नेलेला मुलगा. औषध परवडत नाही असे नसते, समजत नाही असेही नसते. स्वतःच्या शरीराला लागणारी दहा मिनिटे हिशेबात कुठे बसत नाहीत, एवढेच. अक्काला उपदेश करून उपयोग नव्हता. ती गोळी घेईल, पण तेव्हाच, जेव्हा ती आत असताना दाजींपाशी दुसरे कोणी बसलेले असेल आणि ते बसले आहे यावर तिचा विश्वास असेल.

लक्षणे नसताना वाढलेला रक्तदाब तासाभरात धाडकन खाली आणायचा नसतो. त्याने वृद्धांना अपायच होतो. म्हणून दुसऱ्या सकाळपासून नेहमीच्या मात्रेतच दोन्ही गोळ्या सुरू करायच्या, रोज दोनदा मोजायचे आणि काही वेगळे वाटले तर जहाजाच्या डॉक्टरांना दाखवायचे, असे ठरवले. भाचीला बाहेर बोलावून सगळे सांगितले. ती रडली नाही, तिने मोबाइल काढला आणि पाळ्या लिहिल्या. रात्री आईच्या पलंगावर माझी पत्नी, आई मुलीच्या केबिनमध्ये. सकाळी सहा ते दुपारी दोन बाबांपाशी भाची आणि मी. अक्काने बरीच खळखळ केली. शेवटी दाजींनीच, ऐकू येईल न येईल अशा आवाजात, "जा तू," म्हटले तेव्हा ती उशी काखेत मारून गेली.

दुसरा दिवस ग्लेशियर बेचा. हा अमेरिकेचा राष्ट्रीय उद्यानाचा प्रदेश. तिथे दिवसाला मोठी प्रवासी जहाजे दोनच सोडतात. बंदर नाही, धक्का नाही, उतरायचे नाही. सकाळी एक लहान होडी जहाजाला येऊन भिडते, उद्यानाचे रक्षक शिडीने वर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. पुष्कळ लोक सहल निवडताना बंदरे मोजतात. माझे मत याच्या उलट आहे. ज्याला चालण्याचा त्रास आहे त्याने असा न उतरण्याचा दिवस ज्या सहलीत आहे तीच निवडावी. येथे पर्वत आणि बर्फ खुर्चीपाशी चालत येतात, रांग नसते, बसची वेळ नसते आणि स्वतःचे स्वच्छतागृह पन्नास पावलांवर असते.

थंडीविषयी मात्र सावध राहावे लागते. जुलैतसुद्धा बर्फाजवळ वाऱ्यावर हुडहुडी भरते. थंडीने पार्किन्सनचा ताठरपणा वाढतो. हृदयविकार असलेल्यांना गार वारा थेट छातीत घेतल्यास वेदना सुरू होऊ शकते, म्हणून नाकातोंडावरून मफलर हवाच. वृद्धांना आपण गारठलो आहोत हे उशिरा कळते, तेव्हा हात नव्हे, पोट किंवा पाठ चाचपून पाहावी. दाजींना आम्ही काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या दालनात बसवले आणि पंधरा-पंधरा मिनिटांसाठी दोनदाच बाहेर नेले.

१७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोजणी पथकाने हा किनारा पाहिला तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तिच्या तोंडाशी बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर आले तेव्हा ती भिंत कित्येक मैल आत गेली होती. १९१६ पर्यंत बर्फ तोंडापासून ६५ मैल मागे हटला. त्याच वर्षी विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोकळ्या झालेल्या जमिनीवर झाडे कशी येतात याची नोंद सुरू केली. पुढे १९२५ मध्ये हा भाग संरक्षित झाला त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. त्यामुळे खाडीत आत शिरताना जणू काळ उलटा चालतो. तोंडाशी दाट सूचिपर्णी अरण्य, मग झुडपे, मग शेवाळ, मग नुसता घासलेला खडक. ध्वनिक्षेपकावर हे इंग्रजीत येण्याआधीच दाजी भाचीला मराठीत सांगत होते. तिने कान त्यांच्या ओठांशी नेला होता. "ती बघ वरून लोंबलेली दरी. मोठी हिमनदी खोल कोरते, तिला मिळणारी लहान हिमनदी तेवढं कोरू शकत नाही. म्हणून ती वर राहते. धबधबा पडतो." नऊ वर्षांत मी त्यांना एका दमात इतके बोलताना ऐकले नव्हते.

हा प्रदेश हूना ट्लिंगिट लोकांचा. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली तेव्हा त्यांना आपली गावे सोडून बाहेर पडावे लागले. बर्फ मागे गेला, पण दरम्यान तिथे उद्यान झाले होते. २०१६ मध्ये खाडीच्या तोंडाशी त्यांचे परंपरागत कुलगृह पुन्हा उभे राहिले. हे ऐकताना मला कोयनेच्या धरणात बुडालेली गावे आठवली. दाजींचे आजोळही त्यांतच होते. त्यांनी मान हलवली, बोलले काही नाहीत.

दुपारच्या आधी जहाज टार इनलेट नावाच्या चिंचोळ्या टोकाला पोहोचले. समोर मार्जरी हिमनदी, सुमारे एक मैल रुंद, वीस मैलांहून अधिक लांब; पाण्यावर दोनशे फुटांपेक्षा उंच उठलेला निळा कडा. बर्फ इतका दाबला गेलेला असतो की प्रकाशातला तांबडा रंग तो शोषून घेतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. शेजारी ग्रँड पॅसिफिक हिमनदी. ती काळी, मातकट. भोवतालचे प्रवासी तिला टेकडीच समजत होते. दाजींनी बोट उचलले. ते थरथरत होते, पण दिशा बरोबर होती. "तो पण बर्फच. वर हिमोढाचा थर आहे." पाच मिनिटांनी ध्वनिक्षेपकाने तेच सांगितले. भाचीने वडिलांकडे ज्या नजरेने पाहिले, तशी नजर शाळेत पुष्कळांच्या वाट्याला आली असेल. घरात बहुधा तीच पहिली.

अक्का कुठे होती? सकाळी सहाला तिने दोन्ही गोळ्या घेतल्या, दोन तास निर्धास्तपणे आपल्या केबिनमध्ये राहिली, सावकाश अंघोळ केली, माझ्या पत्नीबरोबर बसून चहा घेतला. मग दोघी डेकवर काचेच्या आडोशाला लांब खुर्च्यांवर जाऊन बसल्या. जहाजाचे जाड पांघरूण, त्यावर तिची स्वतःची शाल, कानटोपी, पायांत दोन-दोन मोजे. मी तिकडे गेलो तेव्हा मार्जरी हिमनदी तिच्या अगदी समोर होती, शेकडो माणसे कठड्याशी कॅमेरे सरसावून उभी होती, आणि अक्का गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडे, हात पांघरुणात. माझ्या पत्नीने तिच्या मानेखाली हात घालून पाहिले, अंग उबदार होते.

एवढ्यात कड्याचा एक भाग निसटला. आधी दिसले ते फक्त पडणे, अगदी निःशब्द. क्षणभराने तो आवाज आला. ट्लिंगिट लोक त्याला पांढरी मेघगर्जना म्हणतात. डेकवर एकच आरोळी उठली. अक्काच्या भुवया हलल्या, आणि ती कूस बदलून पुन्हा झोपली.

भाची धावत आली. "आईला उठवा ना! एवढ्या लांब आलोय, परत कधी दिसणार आहे?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिने दोन वर्षे पैसे साठवले होते. मी काही बोलणार तोच तिने खिडकीआड बसलेल्या वडिलांकडे पाहिले. दाजींनी काचेतून सर्व पाहिले होते. त्यांनी तळहात सावकाश खाली दाबला, वर्ग शांत करताना शिक्षक करतात तसा. भाची खुर्चीच्या कडेला बसून राहिली.

जहाज तासभर तिथे होते. दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दिसावे म्हणून ते जागच्या जागी वळते. वळल्यावर वारा तोंडावर आला आणि अक्का जागी झाली. पन्नास मिनिटे झाली होती. वाढप्याने गरम वाटाण्याचे सूप आणले. ते दाट असल्यामुळे दाजींनाही ठसका न लागता पिता आले, हे जाता जाता सांगून ठेवतो. पार्किन्सनमध्ये पाण्यापेक्षा दाट पदार्थ गिळणे सोपे जाते. भाचीने आईला मोबाइलवर कडा कोसळतानाचे चित्रण दाखवले.

"आवाज आला होता मला," अक्का म्हणाली. "वाटलं, घरात काहीतरी पडलं. मग म्हटलं, आहे कुणीतरी बघायला."

पाण्यावर बर्फाचे लहान-मोठे तुकडे तरंगत मागे चालले होते. ती सूप पीत बराच वेळ ते पाहत बसली. संध्याकाळी तिचा रक्तदाब १५४ वर ८८ होता.

त्यानंतरचे केचिकन बंदर पावसासाठी प्रसिद्ध. वर्षाला साडेतीन मीटरहून अधिक पाऊस पडतो, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला त्याचे अप्रूप ते काय! पण धक्का ओला होता, आणि आदल्या दिवशीच्या श्रमाने दाजी थकले होते. ते जहाजावरच राहिले, मी त्यांच्याजवळ. सगळी बंदरे पाहिलीच पाहिजेत असा नियम नाही. एक दिवस फिरणे, एक दिवस बसणे हे प्रमाण मला या वयाला योग्य वाटते. अक्का, माझी पत्नी आणि भाची छत्र्या घेऊन उतरल्या. प्रवाहाविरुद्ध चढणारे सामन मासे आणि लाकडात कोरलेले उंच कुलस्तंभ पाहून दोन तासांनी परतल्या. अक्काने स्वतःसाठी एक लोकरीची टोपी घेतली होती. दुकानात शिरून तिने स्वतःसाठी काही घेतल्याचे मला अलीकडचे स्मरत नाही.

त्या दोन तासांत खिडकीवर पाऊस वाजत होता. दाजी म्हणाले, "घरी गेल्यावर एक माणूस ठेवू या. ती नको म्हणेल. परका माणूस अंगाला हात लावणार, मलाही आवडणार नाही. तरी ठेवायचा. तू सांग तिला, डॉक्टर म्हणून सांग." हे वाक्य पुरे करायला त्यांना तीनदा थांबावे लागले. मी वाट पाहिली. अशा रुग्णांचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये. त्यांना काय म्हणायचे आहे हे आपल्याला नेहमीच ठाऊक असते असे नाही.

साताऱ्याला परतल्यावर एक प्रशिक्षित मदतनीस मिळाला. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते एक. पहिले दोन आठवडे अक्का स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्यावर नजर ठेवून होती. त्याने दाजींना उठवताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसवले, मग उभे केले, हे पाहिल्यावर ती देवघरापर्यंत गेली. तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तिची लघवी वाढवणारी गोळी आम्ही बदलली नाही. त्या दोन दिवशी ती सकाळी घेते, इतर दिवशी शेजारच्या वहिनी नऊ वाजता दाजींपाशी पेपर घेऊन बसतात तेव्हा. दोन महिन्यांपूर्वी मोजला तेव्हा रक्तदाब १३८ वर ८२ होता.

मंगळवारी ती बँक, वाणी, गिरणी अशी कामे उरकते. शुक्रवारी कुठे जाते ते सांगत नाही. दाजी विचारीत नाहीत, आणि त्यांनी मलाही विचारू दिलेले नाही.